काकांनी दडवलेली तपासणी

काका गेल्याचा निरोप महाडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने आणला, तेव्हा मी पोलादपूरच्या दवाखान्यात एका बाळंतिणीचे टाके काढत होते. हातातलं काम पुरं केलं, हात धुतले आणि मगच निघाले. डोळ्यांत पाणी आलं नाही... महिना होत आला, अजूनही आलेलं नाही. काका महाडच्या शाळेत मास्तर होते. शोकसभेत सगळे म्हणाले, शास्त्र सोपं करून सांगावं तर गुरुजींनीच. शिकवायचे ते सुरेख, हे खोटं नाही. पण स्वतःच्या बायकोला त्यांनी जे सांगितलं नाही, ते आज मी सांगणार आहे.

माझी काकू तुडील गावची. लग्नाला दहा वर्षं होऊनही मूल नाही. त्या दहा वर्षांत तिने कडू काढे प्यायले, उपास केले. एका वैदूच्या पुडीने तर पंधरा दिवस तिच्या अंगावरून जात राहिलं. बारशाला तिला कुणी बोलवेना. आजी तिच्यादेखत 'वांझोटी' म्हणायची आणि काका शेजारी पेपर वाचत बसायचे. कायद्याने दुसरं लग्न करता येत नव्हतं, म्हणून शेवटी त्यांनी तिला हवापालटाच्या नावाखाली माहेरी पोचवलं आणि परत आणायला गेलेच नाहीत.

मी तेव्हा मुंबईला नर्सिंग शिकत होते. वर्गातल्या तक्त्यावर गर्भाशय पहिल्यांदा पाहिलं... जेमतेम मुठीएवढं, दोन्ही अंगांना नळ्या, त्यांच्या टोकाशी अंडाशयं. महिन्याला एक बीज सुटतं आणि पुरुषाचा शुक्रजंतू भेटला तरच गर्भ राहतो. सिस्टर म्हणाल्या, "पुरुष धडधाकट असतो, संसारही नीट करतो, तरी त्याच्या वीर्यात जंतू नसू शकतात." मला काकू आठवली. सुट्टीत आले ती थेट काकांपुढे उभी राहिले.

"काका, तुमची तपासणी झाली होती का?"

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. म्हणाले, "लग्नानंतर चौथ्या वर्षी, मुंबईला. जंतू नाहीत माझ्यात."

"आणि काकूला सांगितलंत?"

"तिला काय कळणार त्यातलं? मला गावात तोंड दाखवायचं असतं, सुमन."

चौथ्या वर्षी! म्हणजे पुढची सहा वर्षं ते काढे हा माणूस जाणूनबुजून तिला पाजत होता.

दुसऱ्याच दिवशी तुडीलला गेले. अंगणात कोळशाने चित्र काढलं आणि काकूला सगळं समजावलं. ती उकिडवी बसून बघत राहिली. "एवढंसंच असतं होय गो?" म्हणाली. मग काकांचं सांगितलं. ती रडली नाही. "माझं धड हाय का, ते पयलं बघून घेऊ," एवढंच म्हणाली. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांना काही दोष सापडला नाही.

त्या रविवारी काकू महाडच्या घरी जाऊन उंबऱ्यात उभी राहिली. आत आजी, शेजारणी आणि काका बसले होते. "माझी कूस धड हाय," ती म्हणाली. "दोष कुनात हाय ते ह्यांना इचारा. ह्यांना ठाव हाय."

आजीने काकांकडे पाहिलं. काका उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी कडी लावली. आजीला उत्तर मिळालं. काकू आली तशी चालती झाली.

काका गेल्यावर मी तिला बोलवायला गेले होते. "मी त्यांना कवाच पोचवून आले," म्हणाली, आणि पुन्हा भाताची रोपं लावायला वाकली.

महाडच्या शाळेत आता त्यांचा फोटो लागणार आहे म्हणे. लागो. तुडीलला त्याची गरज नाही. मागच्याच आठवड्यात तिथल्या एका घरी लसीकरणाला गेले होते. सुनेला मूल होत नव्हतं आणि मुलगा दवाखान्यात जायला तयार नव्हता. त्याची आई चुलीपुढून ओरडली,

"मास्तर होऊ नको रे! जा, आधी स्वतःला तपासून घे!"