आईची साक्ष

ख्रिस्ती माणूस या जगात परदेशी आणि प्रवासी असतो, असं बाबा महाडच्या एसटी स्टँडवर गंभीरपणे म्हणाले आणि खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी मुंबईच्या गाडीत माझी जागा धरली.

तुम्हा दासगावकरांपैकी जे गाव सोडून निघाले त्यांना असा रुमाल आठवत असेल. जे तिथेच राहिले त्यांना आमची पडवी. रविवारी तिथे सतरंजीवर उपासना व्हायची, पेटी बाबा वाजवायचे. कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उठलं तर ती एवढीच असे: ताप उतरला, भावाशी भांडण मिटलं, देवाची स्तुती असो.

वाशीतल्या आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, एसी हॉल आहे, स्क्रीन आहे आणि पास्टरांसाठी रिसेप्शनच्या स्टेजवरून उचलून आणल्यासारखी मखमली खुर्ची आहे. साक्षी इथेही होतात. व्हिसा लागला, टू बीएचके झाला. एकदा पास्टरांनी नव्या एसयूव्हीच्या बॉनेटला तेलाने अभिषेक केला, तेव्हा मालक फडकं घेऊन शेजारी उभा होता. शिसारी यायची, पण मराठी उपासना जवळपास दुसरी नव्हती.

मग एका पुरात सावित्री नदी दासगावच्या घरात शिरली. बाबा त्याआधीच गेले होते. एकट्या आईला मी वाशीला घेऊन आलो, कायमचं राहा म्हटलं. तिने एकच अट घातली: "मंडळी बरी असली तर राहीन."

पहिल्याच रविवारी पास्टरांनी तिच्यापुढे माईक धरला. "आई, पुरात तुमचं सगळं गेलं. प्रभूने दुप्पट कसं परत दिलं, ते मंडळीला सांगा."

"दुप्पट नाय दिलं," आई म्हणाली. "काय पण नाय दिलं. भांडी गेली, यांची पेटी गेली. सांजेला शेजारणीच्या माळ्यावर बसून रोजच्यासारखी प्रार्थना केली. मागितलं काय नाय. तो हाय, तेवढं पुरे हाय."

कीबोर्डवाल्याचे हात थांबले. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली की या बहिणीचा दुबळा विश्वास वाढो, म्हणजे आशीर्वादाची दारं उघडतील. मंडळी जोरात आमेन म्हणाली. गाडीवर तेल ओतणारा तोच हात होता.

लिफ्टमध्ये आई म्हणाली, "देव काय सावकार हाय का रे, व्याजासकट परत करायला? मला दासगावला सोड."

सोडलं. भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. नाताळला जातो तेव्हा पडवीत नव्या सतरंजीवर बसतो. देवाने तुला काय काय दिलं, असं तिथे कुणी विचारत नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच.

वाशीतही एक बदल झाला. साक्ष द्यायची असेल तर मजकूर आता शुक्रवारपर्यंत चर्चच्या ऑफिसातून मंजूर करून घ्यावा लागतो.