आक्कांच्या रश्श्याची तर्री

ऐन जत्रेत, शंभर माणसांच्या मटणाच्या रश्श्यावरची सगळी तर्री मी पळीपळीने काढली आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर ओतून आले. नवी नवरी होते, पुण्याच्या पेठेतून चिखलीला आलेली, आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. माहेरी वडिलांना डॉक्टरांनी तेल बंद केलेलं, त्यामुळे आमच्याकडचं मटणसुद्धा आजारी दिसायचं. इथे पातेल्यात डोकावते तर वर दोन बोटं लालभडक तेल. मला वाटलं, थोरल्या जाऊबाईंच्या हातून तेलाचा डबाच उपडा झाला; आता सासूबाई त्यांना सोलून काढणार. म्हणजे बघा, मी त्यांना वाचवायला निघाले होते...

त्या जाऊबाई, आमच्या आक्का, गेल्या महिन्यात गेल्या. सकाळी पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली," आणि माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. दहाव्याला घाटावर भावकीतले एक म्हातारे भाऊजी सगळ्यांना सांगत होते की वहिनीच्या हाताला तोड नव्हती, त्या एका जत्रेला तेवढा रस्सा बिघडवला. पंचेचाळीस वर्षं झाली, लोक लेकीसुनांची नावं विसरले, पण तो रस्सा विसरायला तयार नाहीत. तिथेही मी नुसती मान डोलावली. म्हणून आज लिहिते आहे.

तर त्या दिवशी पंगत बसली आणि पत्रावळीत रस्सा पडला, तो धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. मामंजींनी भाकरीला हातच लावला नाही. सासूबाई पातेल्याशी आल्या आणि तर्री कुणी काढली म्हणून विचारलं. आदल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं की जत्रेच्या जेवणात काही घोळ घातलास, तर एसटीत बसवून माहेरी धाडीन, रांधायला शिकूनच परत यायचं. मी एक पाऊल मागे सरले. तेवढ्यात चुलीपुढून, मान वर न करता, आक्का म्हणाल्या, "म्या काढली. मामंजींना खोकला हाय."

मामंजींना खोकला नव्हता. पण बिचारे लगेच दोनदा खोकले.

पुढच्या दोन जत्रांना मोठं पातेलं आक्कांकडून चुलत जाऊबाईंकडे गेलं. जिच्या रश्श्यासाठी चाकणहून पाहुणे चालत यायचे, ती बाई परातीशी बसून भाकऱ्या थापत होती आणि मी शेजारी लसूण सोलत होते, गरीब गाईसारखं तोंड करून. तर्री मी काढली हे आक्कांनाही ठाऊक नाही, थोरली म्हणून त्यांनी अंगावर घेतलं असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. खोटं एकदा अंगवळणी पडलं की ते खुपत नाही हो, उलट ऊब देतं.

रस्सा खायचा कसा, हे मला त्यांनीच शिकवलं. आधी वाटी तोंडाला लावून नुसता प्यायचा, नाक वाहिलं तर वाहू द्यायचं. मग बाजरीची भाकरी कुस्करायची, मधे आळं करायचं, रस्सा ओतायचा आणि गप्पा बंद करायच्या, कारण आपण बोलत बसलो की सगळा रस्सा भाकरीच पिऊन टाकते. शिळा रस्सा दुसऱ्या दिवशी भातावर, आणि त्यात वाटेकरी नको. पुढे शेतावर इमारती उभ्या राहिल्या, आक्का सातव्या मजल्यावर गेल्या. पुतण्या चाकणच्या कंपनीतून येताना हॉटेलातनं पार्सल आणायचा. एकदा लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन भाज्या आणल्या. आक्कांनी तिन्ही चाखल्या आणि म्हणाल्या, हा तर सिग्नल हाय, तिन्हीला थांबावंच लागतंय. ढाब्यावरची शेवभाजी मात्र त्यांना भारी आवडे. पार्सलच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापून ताटात रश्श्याची बारीक धार सोडत बसायच्या, अभिषेक केल्यासारखी.

शेवटी शेवटी हृदयाचं दुखणं निघालं. तेल बंद, मुगाचं पाणी सुरू. एके दुपारी मला राहवेना. डब्यात रस्सा नेला, डॉक्टरांचं ऐकून वरची तर्री नीट काढून. आक्कांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मला आधी वाटलं रडताहेत... त्या हसत होत्या. वाटीभर रस्सा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, पदराने ओठ पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"पुन्यांदा काढलीस व्हय गं, सुमे? ह्या खेपेला म्या न्हाई अंगावर घेणार. तुझं तू सांग समद्यास्नी."