सिडनी, आठ तास

सौंदडमध्ये मला कोणी इंदरलाल म्हणत नाही. तेहतीस वर्षे एसटीत होतो, म्हणून सगळ्यांचा मी कंडक्टरच. तालुक्याच्या सडक अर्जुनीहून कुठेही जायचे असो, किती किलोमीटर आणि किती वेळ हे लोक मला विचारतात. न विचारताही मी सांगतो. ही खोड मेल्याशिवाय जायची नाही, असे माझी बायको गिरजा म्हणते आणि ती सहसा चुकत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हर्षिताला सिडनीत नर्सची नोकरी लागली. गिरजाने एवढेच विचारले, की पोरीला घरी यायचे झाले तर किती वेळ लागेल. मी मोबाइलवर टाइमटेबल पाहिले. सिडनीहून सकाळी दहाला निघते, संध्याकाळी सहाला दिल्ली. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली, जशी जन्मभर करत आलो. आठ तास. पुण्यापेक्षा जवळ आहे, असे मी छाती फुगवून सांगितले. गिरजाने पोरीची बॅग भरायला घेतली. पोर गेली.

जातानाचा हिशेब मात्र सतरा तासांचा निघाला. सिडनी चढावर आहे काय, असे माझा दोस्त सुखराम याने पानठेल्यावर विचारले. जाताना वारा समोरून असतो, असे मी ठणकावले. दुपारी फोन केला की हर्षिता सांगायची, इथे संध्याकाळ झाली. तिकडे अंधार लवकर पडत असेल, इतकेच माझ्या डोक्यात आले.

यंदा मे महिन्यात ती पहिल्यांदा यायला निघाली. पहाटे साडेपाचला फोन आला, विमानात बसले, आता फोन बंद करते. तिकिटावर तर दहा होते. साडेचार तास आधी सुटणारी गाडी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती, पण विमानाची शिस्तच निराळी असणार. साडेपाच अधिक आठ, म्हणजे दीडला दिल्ली. गावभर सांगून आलो.

दीड वाजला. तीन वाजले. फोन बंदच. गिरजा करंज्या तळत होती. तिला काही न सांगता मी स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसलो. नको ती हुशारी मारून मीच पोरीला धाडले, या विचाराने मला रडू आले. सुखराम येऊन शेजारी बसला आणि त्याने एकदाही चिडवले नाही. त्याने तर मी आणखीच घाबरलो.

सहा वीसला फोन वाजला. हर्षिता दिल्लीत उतरली होती, विमान अगदी वेळेवर होते. मी तिच्यावरच खेकसलो, तेव्हा ती हसत सुटली. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, आणि प्रवास साडेबारा तासांचा.

घरी येऊन मी गिरजाजवळ सगळे कबूल केले. तिने कढईवरून मान वर केली नाही.

"मले मालूम होतं. पोरीनं जायच्या आधीच सांगतलं होतं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी गावभर आठ तास, आठ तास सांगून राहिले होते. आयकून आयकून मलेही पोर जवळच वाटे."

मी एक करंजी उचलली, तिनेही चटका दिला.

महिनाभराने हर्षिता परत गेली. त्या संध्याकाळी सुखरामने पानठेल्यावर चारचौघांत विचारले, कंडक्टर, सिडनी किती तास? गिरजा शेजारच्या दुकानात साखर घेत उभी होती.

मी म्हणालो, "आठ."