आग्या मोहोळाखालचा धूप

पोलादपूरहून आंबेनळीकडे निघालं की डाव्या हाताच्या डोंगरात आता निसर्ग उद्यान झालंय. गुहा आहेत, चढायला आखीव वाटा आहेत, आणि दर वळणावर तोंड वासून उभा असलेला सिमेंटचा पेंग्विन आहे. त्याच्या तोंडात कचरा टाकायचा. सह्याद्रीत पेंग्विन! ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला मला एकदा भेटायचंय. लोक म्हणतात, इतकं जवळ राहतेस आणि जात कशी नाहीस? मी एकदाच गेले, लग्नाची हळद अंगावर असताना, आणि तेवढं मला जन्माला पुरलं.

मी महाडची. वडील शिक्षक, मीही शाळेत विज्ञान शिकवते. सासर पोलादपूरच्या खोऱ्यात, भातशेतीवालं. नवरा एमआयडीसीत सुपरवायझर. सासूबाईंना त्यांच्या नात्यातली मुलगी करायची होती, त्यामुळे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. मी माप ओलांडलं ते चुकीचं, मी केलेला चहा पांचट, आणि हाक मारायची तर 'मास्तरीण'. मीसुद्धा काही गरीब गाय नव्हते. त्या एक बोलल्या की मी मनात दोन बोलायचे, आणि ते माझ्या तोंडावर स्वच्छ दिसायचं.

त्या घराण्याची एक रीत आहे. नवी सून आली की तिला डोंगरातल्या गुहेतल्या देवीच्या पायावर घालायचं. ओटी भरायची, नारळाच्या शेंड्या पेटवून धूप दाखवायचा, गाऱ्हाणं घालायचं. धूप सरळ वर गेला तर सुनेचा पायगुण चांगला. काही विघ्न आलं तर वाईट, आणि तो शिक्का मग पुसत नाही. सासूबाईंच्या एका जावेच्या वेळी नारळ नासका निघाला होता. आज त्या जावेच्या गोठ्यात म्हैस आजारी पडली तरी गाव त्या नारळाची आठवण काढतं. हे सगळं मला नवऱ्याने आदल्या दिवशी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्या खोऱ्यात मला उभं आयुष्य काढायचं होतं.

उद्यानाच्या गेटवर रखवालदाराने विचारलं, "काडेपेटी, लायटर काय हाय काय?"

"छे हो," नवरा म्हणाला. त्याच्याच हातातल्या पिशवीत खणाखाली धुपाटणं होतं, शेंड्या होत्या, ऊद होता आणि काडेपेटी होती. इतक्या गोड चेहऱ्याने खोटं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं, हे लिहितानाही राग येतो.

मग चढ. मी जरीच्या साडीत, हातभर हिरवा चुडा. आमच्या पुढेमागे बूट आणि टोप्या घातलेलं मुंबईचं एक कुटुंब. त्यातल्या बाईंनी न विचारता माझे फोटो काढले आणि "सो ट्रॅडिशनल" म्हणाल्या. ऊन रणरणत होतं. सासूबाई अनवाणी तरातरा पुढे, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून, "चल गो, चढ. खडू उचलायची सवय, पाय कुठले उचलणार!"

गुहेशी पोचलो तर तिच्या तोंडावरच लोखंडी जाळी. उद्यान झालं तेव्हा बसवलेली. पूर्वी धूप आत व्हायचा. आता आत जाता येत नाही, म्हणून सासूबाईंनी गुहेच्या तोंडाशीच पदर खोचला. मी वर पाहिलं. कड्याखाली मधमाश्यांची सुपाएवढी काळी पोळी लटकत होती. शेजारी पाटी होती, ती मी मोठ्याने वाचली, "आग्या मोहोळ आहे. येथे धूर करू नये."

"वाचता येतं आमालाबी," सासूबाई म्हणाल्या.

"मधमाश्यांना धूर चालत नाही, आई. खरंच उठतील."

"अगं, ते नियम पर्यटकांना," नवरा म्हणाला. "आपण इथले. देवी आपली आहे."

या एका वाक्यावर आमच्याकडे काहीही करता येतं. त्याने काडी ओढली, सासूबाईंनी शेंड्या पेटवल्या, वर उदाची मूठ टाकली. धूप खरोखर सरळ वर गेला. "आई माऊले, नवी सून तुज्या पायावर घातलीय, गोड मानून घे," असं गाऱ्हाणं सुरू झालं, आणि शेजारच्या गल्लीत पिठाची गिरणी चालू व्हावी तसा आवाज आला.

पहिला पळाला नवरा. मी ओरडले, "तोंड झाका!" आणि शालू डोक्यावरून ओढून निघाले. सासूबाई पुढे अडखळत होत्या. त्यांना शालूत घेतलं आणि ढकलत खाली नेलं. यात माया वगैरे काही नव्हती. वाट अरुंद होती आणि त्या माझ्या पुढे होत्या.

गेटवर सगळे गोळा झाले. मुंबईच्या गृहस्थांचा एक डोळा पार मिटला होता. त्यांच्या बाई किंचाळत होत्या, पोलिसांत देते म्हणून. सासूबाईंचा ओठ सुजून लोंबत होता, तरी बोलणं थांबलं नव्हतं. "बघितलास पायगुण? इतक्या सुना आल्या, कधी माशी नाय उठली." गावातले दोघेतिघे ऐकत होते. म्हणजे संध्याकाळपर्यंत खोऱ्यात झालंच.

रखवालदाराने विचारलं, "धूर कोणी केला?"

नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही नवीन आहे हो. शहरात वाढलेली, हिला कळलं नाही. चुकलं तिचं, माफ करा." अगदी समजूतदारपणे म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले.   आणि तो हात खांद्यावर तसाच होता.

"तोंड सांभाळ रे!" सासूबाई कडाडल्या. "हिने लावला? हिने? आमच्या देवीचा धूप कालची आलेली पोर लावील? मान माजा हाय. काडी तू ओढलीस, शेंड्या मी पेटवल्या." मग रखवालदाराकडे वळून, "काय करायचं ते मला करा. ही नको म्हणत होती, पाटी वाचून दाखवत होती शाणी."

ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला तिथेच कळलं. सुनेला धुपाचा मान मिळाला असं कुणाला वाटू नये, एवढाच त्यांचा संताप. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी खरं बोललेलं माणूस तेवढं एकच. रखवालदाराने सगळ्यांच्या डंखांवर चुना लावला आणि त्या गृहस्थांना दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत त्यांचा डोळा उघडला, प्रकरण मिटलं. दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी सुजल्या ओठाने माझ्या चहाला पांचट म्हटलं. पायगुणावरून टोचून बोलणं तर त्यांनी आजवर सोडलेलं नाही. आमचं अजूनही पटत नाही.

पुढे माझ्या बाळंतपणात काही अडलं. रात्र धोक्याची आहे असं डॉक्टर म्हणाले. नर्सने विचारलं, जवळ कोण थांबणार? नवरा पुढे झाला.

"यांना घरी जाऊ द्या," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंना बोलवा."