अहिल्येची पहिली प्रवासी

माझी बायको विमल हट्टी आहे. हे मी कचेरीतला हेडक्लार्क म्हणून नव्हे, तेवीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवानं सांगतो. आमची अहिल्या बालाघाटहून गोंदियाकडच्या धावपट्टीवर ग्लायडर शिकायला जाऊ लागली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. तारेनं ओढून वर सोडायचं, पुढे हवेच्या भरवशावर. विमलनं लगेच नेम केला: पोरगी उडणार त्या दिवशी, ती घरी येईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. अहिल्येला कळू द्यायचं नाही, अशी मला तंबी होती.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत अहिल्येला प्रवासी बसवायची परवानगी मिळाली. मी नवा कोट शिवून तयारच होतो. तिनं आईचं नाव दिलं. जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू!

मैदानावर तिच्या शिक्षकांनी विमलला विचारलं, "माँजी, नाश्ता किया?"

"आज उपास है."

"फिर नहीं बैठ सकतीं. खाली पेट ऊपर चक्कर आ गया तो?"

अहिल्येनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांचे उपास ऐकून पोरीचे डोळे भरले, आणि मग ती चिडली.

"आई, इमान तुह्या उपासानं वर राह्यते का माह्या हातानं?"

"तुह्याच हातानं वं बाई. पण मले भेव लागते."

"मंग सांग. तू नाही बसली तर आज मी बी नाही उडत."

नेम मोडायचा, तोही ऐन लेकीच्या उड्डाणाआधी! शेवटी विमलनं देवीला हात जोडले, माझ्या डब्यातली गूळपोळी काढली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. वर तांब्याभर पाणी प्यायली.

ग्लायडर सुटलं. आवाज नाही, काही नाही. घारीसारखं शांत फिरत राहिलं. त्यात माझी बायको बसली होती आणि ते माझी लेक चालवत होती. अभिमानानं मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही. सात मिनिटांनी विमल उतरली, पदर सारखा केला आणि शिक्षकांना म्हणाली, "अच्छी चलाती है मेरी लडकी." जणू परीक्षा हिनंच घेतली होती.

पुढच्या रविवारी अहिल्या पुन्हा उडायला गेली. मी जेवायला बसलो, तर विमलनं स्वतःचंही ताट वाढून घेतलं.

"आज उपास नाही?" मी विचारलं.

"काहून? पोरीले येते ना," ती म्हणाली आणि भात कालवू लागली.