आडवं कपाट

अण्णा आमच्याकडे आले ते ‘थोडे दिवस’ म्हणून आले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी अंबाडीच्या शाळेत झाली, आणि नाक्यापासून जरा आत, भाड्याच्या घरात आम्हा भावंडांचं लहानपण गेलं. आई गेल्यावर ते तिथेच एकटे राहिले. दोन्ही वेळचा डबा खानावळीतून यायचा. मग मालकाने ते घर पाडून नवीन बांधायचं ठरवलं आणि जागा सोडावी लागली. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याचा फ्लॅट मोठा आहे. पण अण्णा म्हणाले, एकदम एवढ्या लांब नको. आमच्या भिवंडीहून मनात आलं की एसटीत बसून अंबाडीला चक्कर मारता येते.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खाली गल्लीत कापड विणायचे लूम आहेत. ते चालू असले की मांडणीवरच्या ताटल्या बारीक किणकिणत असतात. मिस्टर एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करतात, मी एका दवाखान्यात केसपेपर काढते, आणि मुलगी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिघांचं त्या जागेत बरं चाललं होतं. चौथं माणूस कुठे झोपणार, याचा विचार मी अण्णांना आणायला जाताना एसटीत बसून केला. उत्तर काही सापडलं नव्हतं.

त्यात अण्णांबरोबर आईचं कपाट आलं. सागवानी, दोन दारांचं, वर नक्षीची पट्टी असलेलं. बाकीचं सामान त्यांनी वाटून टाकलं होतं, एवढं मात्र टेम्पोत घालून आणलं. टेम्पोवाल्याने आणि गल्लीतल्या दोघातिघांनी मिळून ते जिन्यावरून वर चढवलं, तिरकं करून दारातून आत घेतलं, आणि उभं करायला गेले तर नक्षीची पट्टी माळ्याच्या स्लॅबला टेकली. पट्टी काढली तरी बसेना. या भिंतीला बघितलं, त्या भिंतीला बघितलं. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं. तो म्हणाला, “चाचा, ये खडा नहीं होगा,” आणि खोलीच्या मधोमध कपाट पाठीवर आडवं ठेवून निघून गेला.

त्या दिवशी आम्ही कपाटाच्या कडेकडेने ताटं मांडून जेवलो. अण्णा मान वर करत नव्हते. हात धुताना ते मिस्टरांना म्हणाले की उद्या कुणी गिऱ्हाईक बघा, विकून टाकू. मिस्टर म्हणाले, बघू, घाई काय आहे. त्या कपाटातून आई सणाच्या दिवशी आम्हाला ठेवणीतले कपडे काढून द्यायची. ते दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार हे मला सहन होत नव्हतं, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही हेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून लवकर आले तर दार नुसतं लोटलेलं होतं. आत अण्णा गाढ झोपले होते. खोलीत बसायलाही जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी आडव्या कपाटावरच चादर घातली होती आणि उशाला पंच्याची घडी घेतली होती. प्रवासाने आणि सामानाच्या आवराआवरीने थकलेला माणूस, तोंड थोडं उघडं, एक हात खाली लोंबलेला. मी दारातच उभी राहिले. त्यांची झोपायची जागा त्यांनी आपली आपणच शोधली होती.

मिस्टर घरी आले तेव्हा मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी कपाटाकडे दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, “अण्णा, हे विकायचं नाही. हा तुमचा दिवाण.” त्या रविवारी गल्लीतल्या सुताराने कपाटाच्या आत एक जाड फळी ठोकून दारांना आधार दिला. आम्ही ते भिंतीला सरकवलं आणि वर गादी घातली. शेजारी एक उत्तर प्रदेशातली बाई राहते, तिचा नवरा लूमवर कारागीर आहे. तिने कटपीसच्या गठ्ठ्यातून चौकडीचं जाड कापड आणून दिलं, त्याची मी खोळ शिवली. कपाटाच्या पोटात तांदळाचं पोतं, गोधड्या, मोठी पातेली, गणपतीचं सामान, सगळं मावलं. गादी गुंडाळायची, दार वर उचलायचं, हवं ते काढायचं. पलंगाखाली आणि माळ्यावर जे काय कोंबलं होतं त्याला एकदाची जागा मिळाली, आणि खोली आधीपेक्षा मोकळी दिसायला लागली.

झोपायचं असं जमलं. जेवायचं जमत नव्हतं.

अण्णा फार कमी जेवायचे. दीड पोळी झाली की हात ताटावर धरायचे. आग्रह केला तर, या वयात एवढंच लागतं, म्हणायचे. मी दवाखान्यात जाताना त्यांच्यासाठी पोळीभाजी झाकून ठेवायची, ते तेवढंच खायचे आणि ताट घासून पालथं घालायचे. मला वाटायचं, वय झालं, भूक मंदावली असेल.

एकदा जिन्यात शेजारीण भेटली. ती सहज बोलून गेली की चाचा रोज दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा-पाव खाताना दिसतात, तब्येत ठीक आहे ना. मी तिला काहीतरी सांगून घरात आले. खूप लागलं मला ते. माझ्या घरात माझे वडील उपाशी राहतात आणि बाहेर जाऊन पाव खातात. अण्णा कपाटावर बसून पेपर वाचत होते. मी सरळ ओट्याशी गेले. विचारलं असतं तर रडू आलं असतं.

मिस्टरांना सांगितलं. त्यांनी सरळ अण्णांनाच विचारलं. त्यांचा स्वभाव तसा आहे, गोष्ट मनात ठेवून फिरत नाहीत. म्हणाले, “अण्णा, दुपारी भूक लागते तर घरात काही करून का खात नाही?”

अण्णा ओशाळले. म्हणाले, “अहो, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे कसे उघडायचे?”

“दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं?” मिस्टर म्हणाले.

लेकीचं घर म्हणजे जावयाचं घर, तिथे आपण पाहुणे, हे अण्णांच्या पिढीच्या अंगात मुरलेलं. आणि दुसरं कारण त्यांनी जरा वेळाने सांगितलं. एकदा त्यांनी धीर करून पोह्यांसाठी डबा उघडला होता. त्यात रवा निघाला. दुसऱ्यात मसूर, तिसऱ्यात रिकाम्या पिशव्या. आवाज झाला, मुलगी जागी झाली, आणि त्यांनी सगळं होतं तसं ठेवून दिलं.

ते अगदी खरं होतं. माझे डबे म्हणजे बिस्किटांचे, दूधपावडरीचे, लोणच्याच्या बरण्या, मिठाईचे खोके. कशात काय हे माझं मला ठाऊक, आणि खरं सांगायचं तर मलाही नेहमी ठाऊक नसायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही स्वयंपाकघर रिकामं केलं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि त्यावर सगळं मांडलं. साबुदाण्याची अर्धवट पुडी इथे एक, तिथे एक. हळद ठिकठिकाणी. हिंगाच्या डब्या तर मुलगी गोळा करत बसली. नाही असं समजून आम्ही तेच तेच आणत होतो. ज्याला पोरकिडे लागले होते ते टाकलं, बाकीचं निवडून उन्हात घातलं. कुठला डबा कुठे, हे मी ठरवायला निघाले तर मिस्टर म्हणाले, अण्णांना ठरवू दे. अण्णांनी रोज लागणारं हाताच्या उंचीवर ठेवलं, आठवड्याने लागणारं त्याच्या वर, डाळी एका ओळीत, पिठं एका ओळीत. मग त्यांनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि फळ्यावर लिहायचे तशा गोल, ठसठशीत अक्षरात नावं लिहिली. मुलीने खळ लावून त्या चिकटवल्या. ‘बेसन’, ‘कुळीथ पीठ’, ‘वाल’. मुलगी वाचायला त्या डब्यांवर शिकली असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर कढईत पिठलं होतं. गुठळ्या झालेल्या, मीठ जास्त. अण्णांनी जन्मात पहिल्यांदा फोडणी दिली होती. आई असताना ते कधी ओट्याजवळ गेले नव्हते, आणि ती गेल्यावर खानावळ होती. मी पोळी घेतली आणि त्यांच्याबरोबर बसून खाल्लं. गुठळ्या कशा मोडायच्या ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या दिवशी ते तीन पोळ्या जेवले.

त्यानंतर ते शिकतच गेले. शिक्षक माणूस, एकदा पकडलं की सोडायचं नाही. कोबीचा दांडा किसून थालीपिठात घालायचा, दोडक्याच्या शिरा तेलावर परतायच्या, दूध नासलं तर त्याच्या वड्या करायच्या, सगळं ते मला विचारून, करून, बिघडवून शिकले. अंबाडीहून यायचे तेव्हा पिशवीत कधी कंटोळी, कधी टाकळा अशी रानभाजी असायची. स्टँडवर पाड्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई भाजी घेऊन बसायच्या, त्यांच्याशी अण्णांची ओळख झाली होती. एकदा अण्णांनी टाकळ्याची जून पानं उचलली तर बाई म्हणाल्या, “मास्तर, ती न्हाय, कवळी घ्या. जून पाल्याला चव न्हाय.” अण्णांनी घरी येऊन ते जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत आम्हाला ऐकवलं.

आणि मग गल्ली शांत झाली. मंदी आली, एकेक करून लूम बंद झाले. सकाळी उठलं की ताटल्यांचा आवाज नाही, त्यानेच कळायचं की आजही शिफ्ट नाही. सुताची विक्री थांबली तसे मिस्टरांना आठवड्यातले काही दिवसच कामावर बोलावू लागले. घर माझ्या पगारावर आणि अण्णांच्या पेन्शनीच्या थोड्या मदतीवर चालवायचं होतं. मी धास्तावले होते. रिकाम्या दिवशी मिस्टर नुसतेच खिडकीत उभे राहत.

त्या दिवसांत स्वयंपाकघर अण्णांनी हातात घेतलं. गाजावाजा काही केला नाही. सकाळी ते मिस्टरांना म्हणायचे, “चला, बाजारात जाऊन येऊ,” आणि खिडकीतून त्यांना बाहेर काढायचे. बाजार उठायच्या वेळी दोघं जायचे. उरलेली भाजी वाट्याने घ्यायची, घरी आणून निवडायची, आज काय संपवायचं आणि उद्याला काय टिकेल ते वेगळं करायचं. सासरा-जावई जमिनीवर बसून मेथी निवडत गप्पा मारतायत, हे चित्र मी घरी आले की दिसायचं. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, टोमॅटोचं सार, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. सणाला पुरणपोळी झाली नाही, गव्हाची खीर झाली. मुलीने दोन वाट्या खाल्ल्या आणि वाटी चाटली. कुणाचं पोट रिकामं राहिलं नाही. आता मागे वळून बघितलं की त्या मंदीतली काळजी अंधूक आठवते आणि जेवणं स्पष्ट आठवतात.

लूम हळूहळू सुरू झाले, मिस्टरांचं काम पूर्ववत झालं. त्यानंतर भाऊ आणि वहिनी पुण्याहून आले. अण्णांनी भरली वांगी केली होती. भाऊ जेवता जेवता थांबला आणि त्याने माझ्याकडे बघून विचारलं, हे खरंच यांनी केलंय? मग त्याने मुद्दा काढला. त्याच्या घरी वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे; अण्णांनी आता तिकडे राहायला यावं. त्याचं काही चुकत नव्हतं. मुलगा म्हणून त्याला ते वाटणारच. मी ताटाकडे बघत राहिले. अण्णा काय म्हणतील याची मला भीती वाटत होती, आणि आपल्याला भीती वाटते याचं जरा नवलही वाटत होतं.

अण्णांनी त्याच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. म्हणाले, “येतो की. चांगला महिनाभर येतो. पण पाहुणा म्हणून येईन. राहतो मी इथे.”

भाऊ मिस्टरांकडे बघायला लागला. मिस्टर म्हणाले, “आमचा बाजारहाट कोण करणार?” सगळे हसले. वहिनीही हसली.

अण्णा गेले पुण्याला, ठरल्याप्रमाणे. घर मोठं झालं. मुलगी हातपाय पसरून कपाटावर झोपली, आम्ही दोघं टीव्ही मोठ्याने लावून बसलो, आणि मला ते आवडलंही. पण संध्याकाळी कामावरून येताना जिन्यात फोडणीचा वास नसायचा. आल्या आल्या पदर खोचून मलाच ओट्याशी उभं राहावं लागायचं. तिकडे अण्णा मजेत होते. बागेत त्यांना सोबती मिळाले होते. वहिनी फोनवर सांगायची की त्यांनी तिच्या किचनच्या ट्रॉल्या सगळ्या नीट लावून दिल्या, आता काही शोधावं लागत नाही.

महिना भरल्यावर ते परत आले. आता वर्षातून एकदोनदा जातात, येतात. वहिनीशी त्यांचं छान जमलं आहे. परवाच तिचा फोन आला होता. दुधीच्या सालांची चटणी करायला घेतली होती आणि तीळ किती भाजायचे ते तिला कळत नव्हतं. अण्णांनी सांगून बघितलं, जमेना. मग त्यांनी ‘तीळ’ लिहिलेला डबा काढला, कढई गॅसवर ठेवली, मूठभर तीळ टाकले आणि मोबाईल कढईजवळ धरला. तीळ तडतडायला लागले.

“ऐकू येतंय का?” ते म्हणाले. “असा आवाज आला की उतरव.”

मग त्यांनी गॅस बंद केला. भाजलेले तीळ वाया कशाला घालवायचे, म्हणून त्या संध्याकाळी आमच्याकडेही चटणी झाली.