सापुताऱ्याचा बंगला, डिंडोलीचं स्वयंपाकघर

माझ्या कामाच्या पिशवीत वायरीचे तुकडे साचतात ना, तसे माझ्याकडे कल्पनाताईंचे किस्से साचलेत. फेकवत नाहीत, आणि कुणी भेटलं की एकेक बाहेर निघतो!

आधी माणसं सांगतो. सुरतेत कतारगामला आमच्या शेठचा हिऱ्यांचा कारखाना आहे, आणि सापुताऱ्यात एक बंगला. तो ते पर्यटकांना भाड्याने देतात. सुरतहून चार तास. फाटकाचं-दाराचं कुलूप, दिवे, एसी, गिझर मोबाइलवर चालावेत म्हणून सगळं मी बसवलं. मी चाळीसगावचा, राहतो सुरतेतच, गोडादऱ्याला. आणि तो मोबाइल असतो सुरतेतल्याच डिंडोलीच्या कल्पनाताईंकडे. अमळनेरच्या. आधी घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. "बटणंच दाबायची ना? दाबू की!" म्हणाल्या आणि बंगला ताब्यात घेतला.

एकदा एका पाहुण्याचा फोन आला. "मॅडम, एसी बंद पडला!"

"खिडकी लावा, चालू होईल."

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "तुम्ही आम्हाला बघताय?"

"नाही हो! खिडकीला सेन्सर आहे. कॅमेरा फक्त फाटकावर."

खरं तर शेठना हॉलमध्येही कॅमेरा हवा होता. मी ड्रिल मशीन घेऊन निघालोही होतो. ताईंनी शेठना फोन लावला. "शेठ, लोकं तिथे राहायला येतात, परीक्षेला नाही. कॅमेरा लावायचा तर मोबाइल दुसऱ्या कुणाला द्या."

शेठपुढे कारखान्यात कुणी मान वर करत नाही. ते कबूल झाले, "सारू, कल्पनाबेन." मी ड्रिल परत ठेवलं.

फाटकावरच्या त्या कॅमेऱ्याला एकदा माकड लोंबकळलं. कॅमेरा उलटा! मी म्हटलं, "ताई, निघतो. जाऊन-येऊन दिवस जाईल."

"कशाला? पुढच्या आठवड्यात तसाही जाणारेस." त्यांनी मोबाइलची स्क्रीन आपोआप फिरणं बंद केलं आणि आठवडाभर मोबाइल उलटा धरून फाटक सांभाळलं!

एवढी हुशार बाई, पण घरचे टोमणे तिलाही चुकत नाहीत. एकदा मी बसलो असताना त्यांचे यजमान कापडाच्या लूमवरची पाळी संपवून आले. रिकाम्या खोलीत पंखा गरगरत होता. ते अहिराणीत म्हणाले, "सापुताराना दिवा आठून बंद व्हतस, मंग घरना पंखा कोन बंद करी?"

ताई म्हणाल्या, "ज्याना हात मोकळा शे, तो!"

गेल्या हिवाळ्यात बंगल्यावर एक कुटुंब उतरलं होतं. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला गेले. गुडघ्यामुळे आजोबा एकटे मागे राहिले. मी ताईंकडे चार्जर द्यायला गेलो होतो, त्या भाकरी थापत होत्या. मोबाइल वाजला. गिझर तासभर चालू.

"विसरलं असेल कुणीतरी," मी म्हटलं.

"विसरले असते तर बाथरूममधला दिवा तरी बंद केला असता. तोही चालूच आहे. आणि फाटकातून सगळे बाहेर पडले, आजोबा नाही दिसले." त्यांनी आजोबांच्या मुलाला फोन लावला. रेंज नाही. मग हॉलमधल्या, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या स्पीकरवर हाक मारली, "आजोबा!"

बारीक आवाज आला. "पडलो, बाई. उठता येत नाही."

ताईंनी लगेच फाटकाजवळच्या चहावाल्याला फोन केला. तो दूध आणायला खाली गेला होता, यायला वीस मिनिटं लागणार. त्याच्यासाठी फाटक आणि दार इथूनच उघडून ठेवलं. मग स्पीकरवर म्हणाल्या, "माणूस येतोय. तोवर मी आहे ना. गाव कोणतं, आजोबा?"

"शिरपूर."

"मंग तुम्ही तं आमनाच!"

झालं! वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या, सगळं निघालं. एकदा तर आजोबा हसले! ताईंचे हात भाकरी थापतच होते. माझ्याकडे वळल्या तेव्हा मात्र डोळे भरलेले. खुणेनेच म्हणाल्या, चहावाल्याला पुन्हा लाव.

चहावाला पोचला. आजोबांचा पाय मुरगळला होता, हाड शाबूत होतं. ताई आपल्या स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. सामान भरलंय, गाडी सुरू आहे, पण आजोबा काही बसायला तयार नाहीत.

"ताई, तुम्हीच सांगा त्यांना. त्या बाईला भेटल्याशिवाय निघत नाही म्हणतात. आम्ही सगळ्या खोल्या उघडून दाखवल्या. तरी म्हणतात, ती स्वयंपाकघरात होती, भाकरी थापल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय!"